खरी लेन्स कोपऱ्यात कळते

कारखान्यात त्याला सगळे भिंग म्हणायचे. तोंडावर 'भिंगसाहेब', पाठ वळली की नुसतं 'भिंग', आणि ज्या दिवशी तो एखाद्या पाळीचा अख्खा माल नापास करून परत भट्टीत घालायला लावायचा, त्या दिवशी जे काही म्हणायचे ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता तो, आणि भिंग तिथला तपासनीस. पट्ट्यावरून बाटल्या एकामागून एक यायच्या, त्यांच्या मागे पांढऱ्या उजेडाची पाटी आणि समोर स्टुलावर हा. बुडबुडा, चीर, रेघ, तिरकं तोंड, काही म्हणता काही याच्या डोळ्यांतून सुटायचं नाही. दोष सापडला की बाटली तिथेच फोडायची, दोष असलेला तेवढा तुकडा चिमट्याने उचलून नमुन्याच्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि बाकीची चांगली काच परत भट्टीत टाकायची. पाळी संपली की साहेबाला ट्रे दाखवायचा. चांगल्या काचेचं तिथे कुणालाच कौतुक नव्हतं. सगळी हयात माणसाने हेच केलं, तर ते हाडीमाशी खिळणारच की.

घरीही तेच. भाजी आणली की ती वर्तमानपत्रावर पसरून किडकी शेंग आधी शोधायची. मुलीचं लग्न ठरवायला मुलाकडचे आले तेव्हा सगळे मुलाचा स्वभाव, नोकरी, घर बघत होते आणि भिंगाने घरी काय सांगावं? "मुलाच्या डाव्या बुटाची शिवण उसवलीय." त्यावर बायको पोट धरून हसली होती. म्हणजे एक हात पोटावर आणि दुसरा तोंडावर.

तिची ती सवयच होती. वरचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला. लहानपणी कुणीतरी काहीतरी लागट बोललं असणार, तेव्हापासून हसू आलं की हात आपोआप तोंडावर जायचा. बाई तशी खळखळून हसणारी. घरी शिवणकाम करायची, कापड मोजायची लांब लाकडी पट्टी कायम हाताशी, गिऱ्हाइकं यायची ती कपड्यांना कमी आणि गप्पांना जास्त. पण तिचं हसणं असं समोरून कुणी बघितलंच नव्हतं. नवऱ्यानेसुद्धा चोरूनच काय ते.

तिचा डावा हात थरथरायला लागला तो ऐन कामाच्या वेळी नाही, रिकामी बसली की. आधी दोघांनी अशक्तपणावर ढकललं. मग एकदा टेबलावर नुसत्या टेकलेल्या हाताने शेजारचा चहाचा कप बशीत वाजायला लागला आणि तो थांबेचना, तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी हात हलवून बघितला, चालायला लावलं, कपाळावर टिचक्या मारल्या.

"हातात काही धरलं की थांबते ना थरथर?" त्यांनी विचारलं.

"थांबते. कात्री धरली की अगदी सरळ."

"कंपवाताची सुरुवात आहे. गोळ्या देते, हाताला फरक पडेल." मग चिठ्ठी लिहिता लिहिता त्या भिंगाकडे वळल्या. "आणखी एक सांगून ठेवते, म्हणजे घरात गैरसमज नकोत. चेहऱ्याचे स्नायू हळूहळू कमी हलायला लागतील. आतून हसू येईल, रडू येईल, पण बाहेर ते दिसेलच असं नाही."

"किती दिवसांत?"

"त्याला काही वेळापत्रक नसतं हो. कुणाला वर्षं लागतात, कुणाला महिने."

"आणि गोळी?"

"गोळीने थोडं लांबेल. चेहऱ्याचं मात्र मी वचन देत नाही."

भिंग खुर्चीतच बसून राहिला. उजेडासमोर धरून बघावं, बोट ठेवून 'हे इथे आहे' म्हणावं, असं काही नव्हतंच. बायकोने त्याच्या बाहीला धरून उठवलं, तेव्हा उठला.

दोघं चालत घरी निघाली. बेकरीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "अहो, माझा एक फोटो काढून ठेवा."

"आपल्याकडे ढीगभर आहेत की."

"हसतानाचा म्हणतेय मी. तोंडावर हात नसलेला. तसा एकही नाही आपल्याकडे." आणि जरा थांबून, "लेकीला ठाऊक असायला नको का, आपली आई हसायची कशी ते?"

घरी गेल्यावर त्याने कपाटातले सगळे अल्बम खाली काढले. तिचं म्हणणं खरं होतं. लग्नात हात तोंडावर, बारशात हात तोंडावर, लेकीच्या लग्नात तर दोन्ही हात. जिथे हात खाली आहे तिथे तोंड मिटलेलं, पासपोर्ट काढायला बसल्यासारखं.  इतकी वर्षं हिच्यासोबत काढली, आणि दाखवायला काय आहे? हात!

त्याच संध्याकाळी त्याने फोनने प्रयत्न करून पाहिला. तिला हसू आलं की हात वर जायचा, "हात खाली!" म्हणून हा ओरडला की हात खाली आणि हसूही खाली. शेवटी एक जरा बरा आला, तो याने मोठा करून बघितला आणि नाक मुरडलं. फोनने तिच्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या परस्पर पुसून टाकल्या होत्या, गाल लिंपून काढल्यासारखे.

"ही तू नाहीस. ही कुणीतरी मेणाची बाई आहे," तो म्हणाला आणि फोटो पुसून टाकला. "चांगला कॅमेरा घेऊ या. खराखुरा."

आता माणसाने बायकोसाठी कॅमेरा घ्यावा यात वाईट काय? काहीच नाही. पण हा भिंग होता ना!

जुन्या कॅमेऱ्यांचं एक दुकान घड्याळजी आणि चाव्या बनवणारा यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात होतं. दुकानदार वयाने भिंगाच्याच बरोबरीचा, तरी गिऱ्हाईक म्हटलं की काका. भिंगाने आपला आकडा सांगितला तेव्हा त्याने लगेच नव्या कॅमेऱ्यांच्या कपाटाकडे पाठ केली.

"या पैशात नवीन घेतलात तर नुसतं खोकं येईल, काका. त्यापेक्षा माझं ऐका. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, जुनी घ्या, घासलेली असली तरी चालेल. पैसा लेन्सवर घाला. बॉडी काय, चार वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स जन्मभर पुरते. तुम्हाला काय काढायचंय?"

"चेहरा."

"एकच?"

"एकच."

"मग झूमच्या नादाला लागू नका. पन्नास मिलिमीटरची लेन्स घ्या, नाहीतर पंच्याऐंशीची. चेहऱ्याला त्याच. झूम म्हणजे सगळ्या कामांत लुडबूड करणारा माणूस, धड एक नाही."

"चांगली कोणती हे ओळखायचं कसं?" भिंगाने विचारलं.

दुकानदार खूश झाला. असं विचारणारी गिऱ्हाइकं कमी. "मधे सगळ्याच लेन्स चांगल्या असतात हो. मधला चेहरा स्वस्तातली लेन्ससुद्धा झकास काढते. खरी लेन्स कोपऱ्यात कळते. फोटो मोठा करा आणि चारी कोपरे बघा, तिथे सगळं पितळ उघडं पडतं."

हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्याने मान डोलावून, पन्नासची लेन्स पिशवीत घालून घर गाठलं असतं. भिंगाचे डोळे लकाकले. डॉक्टरीणबाईंकडून आल्यापासून पहिल्यांदा त्याला कुणीतरी दोष कुठे शोधायचा ते नेमकं सांगत होतं.

दुकानदाराची सोय चांगली होती. कॅमेरा आणि लेन्स घरी न्यायची, आठवडाभर वापरायची, पसंत नाही पडली तर परत. पहिली बॉडी भिंगाने एका धुळीच्या कणासाठी परत केली. दुसरीचा आवाज खोकल्यासारखा येतो म्हणाला. तिसरी, मुठीपाशी रबर झिजलेली, कशीबशी पास झाली. त्यानंतर लेन्सचं जे गुऱ्हाळ सुरू झालं ते काही संपेचना.

समोरच्या खोलीतल्या भिंतीवर त्याने चार ठिकाणी वर्तमानपत्राची पानं चिकटवली, फोटोच्या चार कोपऱ्यांत बरोबर येतील अशी. मध्ये स्टूल. स्टुलावर बायको. आणि तिच्या हातात तिचीच कापड मोजायची लांब पट्टी, दोन्ही टोकांना धरून मांडीवर आडवी. पट्टीवरचे आकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे दिसले पाहिजेत, ही याची परीक्षा.

"जन्मभर मी लोकांची मापं घेतली," ती म्हणाली, "आता माझ्यावरच पट्टी आली होय?"

"हलू नकोस. पट्टी सोडू नकोस."

आता गंमत बघा. तिच्या हातात पट्टी होती म्हणून थरथर थांबलेली. आणि दोन्ही हात पट्टीला जखडलेले म्हणून हसू आलं तरी तोंडावर हात जायची सोय नव्हती. तो कॅमेऱ्यामागे वाकून, एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून कोपऱ्यातल्या पानांवर नेम धरायचा, कॅमेऱ्याच्या तिपाईला पाय अडकायचा, "अरे!" म्हणून स्वतःवरच ओरडायचा, आणि समोर ती हसायची. अशी हसायची की काय सांगावं! डोळे बारीक व्हायचे, गाल वर चढायचे, तो चढलेला दात बिनधास्त बाहेर. फोटोच्या अगदी मधोमध, भरपूर उजेडात.

आणि हा बघत होता वर्तमानपत्र.

फोटो संगणकात घालून मोठे करायला बसला की त्याची समाधी लागायची. "बघ, बघ! वरच्या डाव्या कोपऱ्यात 'भाड्याने देणे आहे' मधला 'ड्या' पार विरघळलाय. आणि उजवीकडे बघ, अक्षराला जांभळी किनार. नापास!" मग तो तेवढा कोपरा कापून वेगळा ठेवायचा, दुकानदाराला दाखवायला, आणि उरलेला फोटो पुसून टाकायचा. का? तर तसंच करतात. तुकडा ट्रेमध्ये, बाकी भट्टीत. चाचणीचा माल कुणी साठवून ठेवतं का?

एकदा ती ओल्या हातांनी त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "बघू तरी."

"काय बघायचंय त्यात? चाचणी आहे ती."

"मी कशी दिसते ते बघते."

"तू चांगलीच दिसतेस गं. मधे सगळ्याच लेन्स चांगल्या असतात." आणि त्याने बटण दाबलं. ती हात पुसत आत गेली.

लेक दुसऱ्या गावी राहायची. दर दोन दिवसांनी तिचा फोन यायचा. "बाबा, आला का फोटो?"

"लेन्स बघतोय."

"अहो, मग त्या बघण्यातलाच एक पाठवा ना मला."

"अर्धवट माल बाहेर जात नाही," भिंग म्हणाला.

"बाबा, ती बाटली नाहीये, आई आहे!" लेक चिडली. "आज काढा, कशानेही काढा." तो हो हो म्हणाला. चांगला फोटो निघाला की सगळ्यात आधी तिलाच पाठवायचा, हे त्याने मनाशी पक्कं केलेलं होतं. मनाने माणूस वाईट नव्हता हो. त्याला एवढंच वाटत होतं की फोटो एकदाच काढायचा आहे, तर त्यात खोट राहायला नको.

बजेट तुटपुंजं, त्यामुळे दुकानात त्या पैशात बसणारी लेन्स कधीमधीच यायची. एक परत केली की दुसरीची वाट बघत बसायचं. झूम झाल्या, पन्नासच्या झाल्या. मग एक पंच्याऐंशीची आली. तिला लांबून फोटो काढावा लागतो, आणि खोली एवढीशी. भिंग मागे सरकत सरकत दारातून स्वयंपाकघरात गेला आणि तिथून नेम धरायला लागला. अजून एक पाऊल मागे, अजून एक, आणि धाडकन पाठ फळीवर आदळली. वरचे डबे एकामागून एक खाली. पिठाच्या डब्याचं झाकण उडालं, भिंगाचं डोकं पांढरंफेक. बोट मात्र बटणावरच, कॅमेरा आपला खटाखट चाललाय. बाहेर स्टुलावर बायको हसून हसून वाकडी झालेली, डोळ्यांतून पाणी, आणि दोन्ही हातांत ती पट्टी, कारण सोडू नकोस असं बजावलेलं.

ती लेन्स त्याने दुकानदाराच्या पुढ्यात आपटली. सोबत कापलेला कोपरा. "मागच्या भिंतीवरचं पान स्वच्छ, आणि पुढची पट्टी पुसट. म्हणजे नेम मागे पडतो. नापास."

दुकानदाराने चष्मा वर करून बघितलं. "काका, नेम बरोबर आहे. पट्टी हललीय."

"पट्टी हलणारच नाही. हातात काही धरलं की तिचा हात हलत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"अहो, या पैशात याहून सरस लेन्स मी कुठून आणू?" दुकानदाराने हात टेकले. लेन्स काचेच्या कपाटात परत गेली आणि पुढच्याच आठवड्यात कुणीतरी ती उचलली.

दिवस जात राहिले. शिवणाची गिऱ्हाइकं कमी झाली; काजं करायला जमत नाही म्हणून तीच नको म्हणायला लागली. गोळ्या वाढल्या. शेजारच्या काकूंनी एकदा भिंगाला जिन्यात गाठलं. "वहिनी माझ्यावर रागावल्यात का हो? परवा एवढं हसण्यासारखं सांगत होते, त्या आपल्या ढिम्म."

"छे हो, दमली असेल," तो म्हणाला आणि घरी येऊन तिपाई मांडली. ती स्टुलावर बसली, पट्टी घेतली. त्याने कोपरे बघितले. बाटल्यांमधली केसाएवढी चीर हेरणारे डोळे होते ते, आणि समोर काय चाललंय ते त्यांना दिसलं नाही. दिसणार कसं? मधे बघायचं कारणच नव्हतं.

शेवटी दुकानदाराचा फोन आला. एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने धंदा बंद केला होता आणि त्याचं सामान विकायला आलं होतं. त्यात एक पन्नासची, जपून वापरलेली, आणि किंमत भिंगाच्या आवाक्यात. "काका, हिलाही नापास केलंत तर दुकानाच्या चाव्या तुमच्याकडे देतो आणि मी तीर्थाला जातो."

बायको आत पडली होती, म्हणून त्याने आधी नुसत्या भिंतीचाच फोटो घेतला. चारी कोपरे मोठे केले. 'ड्या' सुरेख. जांभळी किनार नाही. डावीकडे-उजवीकडे सारखं. त्याने पुन्हा पुन्हा बघितलं. "पास!" तो एकदम ओरडला. हा शब्द त्याच्या तोंडून घरात तरी कुणी ऐकला नव्हता.

लगेच भिंतीवरची पानं टराटरा काढली. पट्टी कोपऱ्यात उभी केली. बायकोला हाताला धरून आणलं, स्टुलावर बसवलं. "आता खरा फोटो. हात मोकळे सोड. पट्टीबिट्टी काही नको."

तिचा डावा हात मांडीवर थरथरायला लागला. तिने तो उजव्या हाताने दाबून धरला.

भिंग कॅमेऱ्यामागे वाकला. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याने मधे बघितलं. समोर एक स्वच्छ, सरळ चेहरा होता. पापणीन् पापणी मोजून घ्यावी इतका स्पष्ट.

"हं, हस."

काही झालं नाही.

"हस ना गं. आता हात वर नेलास तरी ओरडत नाही."

"हसतेच आहे की," ती म्हणाली.

भिंगाने कॅमेऱ्यावरून डोळा काढला आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. मग परत कॅमेऱ्यातून पाहिलं. दोन्हीकडे तेच.

"अहो, दिसत नाहीये का?" तिने विचारलं. आवाज बारीक झाला होता, पण चेहऱ्यावर भीतीही उमटली नाही.

"दिसतंय, दिसतंय. थोडं अजून."  त्याने जावयाच्या बुटाची गोष्ट काढली. साहेबाची नक्कल केली. जीभ बाहेर काढून बघितली. शेवटी काही सुचेना तेव्हा तो मागे सरकत सरकत स्वयंपाकघरात गेला आणि मुद्दाम, सगळ्या ताकदीनिशी, पाठ फळीवर आपटली. डबे गडगडत खाली आले. एक झाकण घरंगळत तिच्या स्टुलापर्यंत गेलं आणि गोल फिरत फिरत थांबलं. तिच्या घशातून बारीकसा आवाज आला, श्वास अडकल्यासारखा. चेहरा जसाच्या तसा.

"खूप हसू आलं हो," ती म्हणाली. "खरंच सांगते."

भिंग डब्यांमध्ये खाली बसला. त्याला काही म्हणजे काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं.

मग त्याला एकदम आठवलं. चाचण्या! तो धडपडत उठला आणि संगणकापाशी गेला. इतक्या वेळा ती समोर बसली होती, इतके फोटो काढले होते, एखादा तर असेलच. त्याने ते सगळं उघडलं. कोपरे. वर्तमानपत्राचे तुकडे, 'भाड्याने देणे आहे', 'त्वरित भेटा', भिंतीचा रंग, पडद्याची झालर. एकात तिचा कोपर. एकात स्टुलाचा पाय. ओळीने सगळे नमुने, नीट कापलेले, आणि मधलं एकही नाही.

तो तसाच चपला घालून दुकानात गेला. फोटोचं कार्ड दुकानदाराचंच असायचं, लेन्ससोबत दिलेलं. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं, मग कपाळाला हात लावला. "काका, तुमच्यामागे ते कार्ड किती जणांकडे जाऊन आलं. त्यावर आता कुणाची मांजरं आहेत, कुणाची मोटारसायकल." तरी बिचाऱ्याने ते यंत्रात घातलं, पुसलेलं परत काढून देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे पाठवलं. त्याने मांजरं परत आणली. तिला नाही.

"मी म्हटलं होतं खरं," दुकानदार खाली मान घालून म्हणाला, "कोपरे बघा म्हणून. पण कोपरेच ठेवा असं नव्हतं हो म्हटलं."

भिंग घरी निघाला. लेकीचा फोन आला तो त्याने वाजू दिला. मग पुन्हा संगणकासमोर बसला आणि एकेक कोपरा उघडून बघायला लागला, कुठेतरी गालाची कड तरी आली असेल, केसाची बट तरी.

बायको खुर्ची ओढत त्याच्या शेजारी येऊन बसली. या वेळी त्याने बटण दाबून काही पुसलं नाही. दोघं बघत राहिली.

"थांबा," ती एकदम म्हणाली. "मागचा दाखवा."

त्याने मागचा दाखवला. पंच्याऐंशीच्या लेन्सचा तो कोपरा. वर वर्तमानपत्राचं पान अगदी स्वच्छ, आणि खाली लाकडी पट्टीचं टोक, त्यावर तिचा अंगठा. सगळे आकडे फराटा ओढल्यासारखे पुसट.

"ही बघा. ही मी हसतेय."

"कुठे?"

"अहो, पट्टी बघा ना. तुम्ही डब्यांवर आदळलात, डोक्यावर पीठ सांडलं, तेव्हाची आहे ही. अख्खी गदगदत होते मी." तिने पडद्यावर बोट टेकवलं. ते बोट थरथरत होतं. "हातात काही धरलं की माझा हात हलत नाही. तुम्हीच सांगायचात ना सगळ्यांना?"

भिंगाने तो तुकडा मोठा केला. अजून मोठा केला. पुसट आकडे नुसते पसरत गेले, अंगठा ढगासारखा झाला. याच फराट्यासाठी त्याने लेन्स नापास केली होती, दुकानदाराशी वाद घातला होता. तिच्या सगळ्या हसण्यातलं एवढंच घरात शिल्लक होतं, आणि तेही त्याला खोट वाटली म्हणून.

"माझं चुकलं गं," तो म्हणाला. "फार चुकलं."

 थोड्या वेळाने त्याला जाणवलं की शेजारची खुर्ची हलतेय. तिचे खांदे गदगदत होते. त्याने वळून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा स्वच्छ, सरळ.

"हसतेयस का रडतेयस?" त्याने विचारलं.

"तपासनीस ना तुम्ही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

भिंगाने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून दिव्याकडे वळवला. चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि जवळ जाऊन पुन्हा पाहिलं. त्याला काहीच ओळखता आलं नाही.